पदकांचे पुराण

आपल्याकडे कथालेखक पुष्कळ झाले. पण खपाच्या दृष्टीने पाहिले तर सरकारइतका यशस्वी कथालेखक दुसरा नाही. त्याला प्रकाशकाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत, मुद्रिते तपासावी लागत नाहीत आणि मानधनाची वाट पाहावी लागत नाही. त्याची कथा मंत्र्यांच्या भाषणातून, शाळेच्या भिंतीवरून आणि एस.टी. स्टँडवरच्या फलकावरून एकाच दिवशी प्रसिद्ध होते, आणि तिच्यावर अभिप्राय देण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. या लेखकाचे इतर वाङ्मय, उदाहरणार्थ अंदाजपत्रक, माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने त्याने जे कथावाङ्मय निर्माण केले, तेवढ्याचाच विचार मी येथे करणार आहे. मॅट्रिकपलीकडे शिक्षण न झालेल्या आणि जालना जिल्ह्यात मास्तरकी करता करता कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाजवळ विद्यापीठातल्या समीक्षकांची परिभाषा नसते. पण कथा कशी रचतात एवढे मला ठाऊक आहे. आणि स्वतः शिवणाऱ्याला दुसऱ्याच्या कापडावरचा टाका लवकर दिसतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पुराण हा शब्द मी खोटेपणा या अर्थाने वापरीत नाही. देवळात पुराण सांगणारे बुवा मूळ गोष्टीत फारसा फेरफार करीत नाहीत. गोष्ट कोठून उचलायची, कोणाला पुढे आणायचे, कोणाला खांबाआड बसवायचे आणि शेवटी आरतीचे तबक कोणाच्या हाती द्यायचे, एवढेच ते ठरवतात. कादंबरीकारही थोडेफार हेच करतो. मात्र माझ्या कादंबरीतला नायक हरू शकतो, आणि हरल्यावरही तोच नायक राहतो. आपल्या जुन्या पुराणकारांनाही ही रीत मान्य होती. व्यासांनी कर्णाला हरवले, पण पुसले नाही. अभिमन्यू तर हरूनच अमर झाला. सरकारी पदकपुराणात हरणाऱ्याला जागाच नाही, आणि वाङ्मय म्हणून मला त्यातले हेच सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

या वाङ्मयप्रकाराची थोडी पूर्वतयारी मुसोलिनीने १९३४ सालच्या फुटबॉल विश्वचषकात केली होती. पण त्याचा सर्वांत नेटका प्रयोग झाला तो बर्लिनला, १९३६ साली. ऑलिंपियाहून पेटती ज्योत धावत आणण्याची प्रथा प्राचीन ग्रीकांची, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. मलाही कितीतरी वर्षे तसेच वाटत होते. प्रत्यक्षात ती त्या बर्लिनच्या खेळांसाठी कार्ल डीम नावाच्या जर्मन संयोजकाने सुरू केली. तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ती ज्योत ग्रीस, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांतून जर्मनीत आणली. हातातल्या मशाली बनवल्या होत्या क्रुप कंपनीने, म्हणजे तोफा ओतणाऱ्या कारखान्याने. ज्या वाटेने ती ज्योत आली, त्या वाटेवरचे ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया आणि ग्रीस हे चारही देश पुढच्या पाच वर्षांत जर्मनीच्या टाचेखाली गेले. खेळ सुरू होण्यापूर्वी शहरातल्या यहुदीविरोधी पाट्या उतरवण्यात आल्या, आणि शेकडो जिप्सी कुटुंबीयांना उचलून मार्त्सान येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. लग्नघरी पाहुणे यायच्या आधी दारातला चिखल झाकतात, तसे. फरक इतकाच की येथे चिखल करणाराच यजमान होता.

त्या खेळांवर लेनी रीफेनश्टाल या बाईंनी काढलेला ‘ऑलिंपिया’ हा चित्रपट मी पाहिला आहे. पाहण्यापूर्वी मनाची तयारी केली होती की, आता आपल्याला राग येणार. राग आला नाही, अडचण झाली. चित्रपट सुंदर आहे. शेवटी शेवटी उंचावरून पाण्यात सूर मारणारे खेळाडू आकाशावर एकामागून एक झेपावत जातात; कोण कोणत्या देशाचा, कोण जिंकला, हे कॅमेरा सांगत नाही. क्षणभर माणूस पक्षी झाल्यासारखा वाटतो. बरे, चार सुवर्णपदके मिळवणारा काळा अमेरिकन धावपटू जेसी ओवेन्स यालाही बाईंनी कापलेले नाही. तोही आहे, चांगला ऐटीत आहे. मग यात पुराण कोठे? ते चौकटीत आहे. चित्रपट प्राचीन ग्रीक मंदिरांच्या भग्नावशेषांत सुरू होतो, तेथून ज्योत निघते आणि थेट हिटलरच्या स्टेडियमात येते. ग्रीकांचा वारसा कोणाकडे आला, हे एकही शब्द न बोलता सांगून झाले. नावापुरती खाजगी कंपनी पुढे करून सरकारी प्रचारखात्याचा पैसा त्यात घातला होता. आणि पहिला खेळ दाखवला २० एप्रिल १९३८ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्यासारख्याच तारखांशी गाठ पडणार आहे.

जालन्यात बसून मी बर्लिनची एवढी चौकशी का करतो, असे कोणी विचारील. एक कारण असे की, त्या बर्लिनमध्ये आपली माणसे होती. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी उभारले. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन आपला हुतुतू आणि इतर देशी खेळ करून दाखवले. ज्यांच्या देशाला स्वतःचा झेंडा नव्हता अशा वऱ्हाडी तरुणांनी जगापुढे आपल्या मातीतला खेळ मांडावा, याचा मला आजही अभिमान वाटतो. आमच्या जिल्ह्यातले जांब हे समर्थांचे जन्मगाव; बलोपासनेचा संस्कार आमच्या हाडीमाशी आहे, त्यामुळे हा अभिमान मला लपवताही येणार नाही. पण दुसऱ्याच्या महाकाव्यात आपण फार तर एका श्लोकापुरते असतो. यजमानाला हवी होती ती जगभरच्या माणसांनी भरलेली पंगत. पाटावर कोण बसले याची त्याला तितकीशी फिकीर नव्हती.

त्याच खेळांत हिंदुस्थानच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८–१ असे हरवले. मैदानावर झेंडा ब्रिटिश हिंदुस्थानचा. पण सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत पंकज गुप्ता यांनी चरख्याचा तिरंगा काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले. ना बँड, ना भाषण, ना छायाचित्रकार. क्रीडेतल्या राष्ट्रभक्तीचा इतका निर्मळ प्रसंग मला दुसरा माहीत नाही. तो दिवस होता १५ ऑगस्ट! पुढे अकरा वर्षांनी ही तारीख काय होणार, हे त्या खोलीत कोणाला ठाऊक असणार? कथेकऱ्याला असा योगायोग मिळाला की तो त्याच्यावर मनोरा रचतो, आणि तसा रचलाही गेला. हिटलरने ध्यानचंदांना जर्मनीत बोलावून मोठा लष्करी हुद्दा देऊ केला आणि त्यांनी बाणेदारपणे नकार दिला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. धुंडाळणाऱ्यांना तिचा भक्कम लेखी आधार सापडलेला नाही. मला नवल वाटते ते हे की, कपडे बदलण्याच्या खोलीतला खरा तिरंगा आपण विसरलो आणि हिटलरचे आमंत्रण मात्र पाठ करून बसलो. पुराणाला दरबार लागतो. खोली पुरत नाही.

परक्या झेंड्याखाली धावलेला आणखी एक माणूस तेथे होता. मॅरेथॉन जिंकणारा सोन की-चुंग हा कोरियाचा, पण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात असल्यामुळे तो जपानी नावाने आणि जपानी निशाण छातीवर घेऊन धावला. पदक स्वीकारताना तो मान खाली घालून उभा आहे, असे छायाचित्र आहे. सेऊलच्या ‘दोंग-आ इल्बो’ या वृत्तपत्राने त्याचे चित्र छापताना छातीवरचे जपानी निशाण पुसून टाकले, म्हणून जपानी सत्तेने ते पत्रच बंद पाडले. आणि १९८८ साली सेऊलला ऑलिंपिक भरले तेव्हा त्याच म्हाताऱ्या सोनच्या हाती मशाल देऊन त्याला स्टेडियमात आणण्यात आले. माणूस एक, पाय तेच. दोन सरकारांनी दोन पुराणे लिहिली. दुसरे न्याय्य होते आणि पहिले अन्यायाचे, हे मी नाकारीत नाही. पण दोन्ही वेळा त्याच्या धावण्याचा अर्थ तो धावून आल्यावर दुसऱ्यांनी ठरवला.

आता घराकडे वळतो. १२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेंब्ले मैदानावर स्वतंत्र भारताच्या हॉकी संघाने ब्रिटनला ४–० असे हरवले. कर्णधार किशनलाल, दोन गोल बलबीर सिंगांचे. कालपर्यंतच्या राज्यकर्त्यांना त्यांच्याच घरी हरवून तिरंगा वर चढला. गोष्टच अशी आहे की ती सांगताना कोणाचाही आवाज चढावा. माझाही वर्गात चढतो. पण ही गोष्ट जेव्हा जेव्हा सांगितली जाते, तेव्हा तीत एक वाक्य हटकून येते: ‘सारा देश आनंदाने नाचू लागला.’ या वाक्यापाशी मी अडखळतो. कारण त्या साऱ्या देशात आम्ही नव्हतो.

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता आणि औरंगाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा फडकवला म्हणून स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली होती. आणि वेंब्लेला तो तिरंगा चढला तेव्हा स्वामीजी पुन्हा निजामाच्या तुरुंगात होते. गावोगाव रझाकारांची दहशत होती. आमच्याकडची जुनी माणसे त्या पावसाळ्याच्या आठवणी सांगत, त्यांत हॉकी नसे. त्यांत दाराला लावलेल्या अडसराचा आवाज असे, आणि सरहद्दीपलीकडे पाठवलेल्या लेकीसुनांची काळजी असे. भारतीय सैन्य १३ सप्टेंबरला संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे वेंब्लेच्या विजयानंतर छत्तीस दिवसांनी आम्ही त्या देशात पोहोचलो.

हा हिशेब मी कुरापत म्हणून मांडीत नाही. ते सुवर्णपदक आमचेही आहे; उशिरा आलेल्या भावाचा वाडवडिलांच्या घरात जेवढा हक्क, तेवढा आमचा त्यावर हक्क आहे. पण ‘सारा देश’ म्हणणाऱ्या कथेत हे छत्तीस दिवस मावत नाहीत, म्हणून ते गाळले जातात. माझ्यातल्या कादंबरीकाराला वाटते की, ते घातले असते तर गोष्ट जास्त खरी झाली असती, आणि जास्त सुंदरही. एकीकडे लंडनला झेंडा चढतो आहे आणि दुसरीकडे त्याच झेंड्यासाठी माणसे गजाआड आहेत: एवढा नाट्यमय प्रसंग हाताशी असताना जो लेखक ‘सारा देश नाचला’ असे लिहून मोकळा होतो, त्याला मी तरी प्रतिभावंत म्हणणार नाही.

मुलांवर या लेखनाचा काय परिणाम होतो, ते मी रोज पाहतो. ‘माझा आवडता खेळाडू’ या विषयावर निबंध दिला की चाळीस वह्यांत एकच वाक्य असते: त्याने देशाची मान उंचावली. खेळाडू बदलतो, खेळ बदलतो, वाक्य बदलत नाही. वह्या तपासताना कधी कधी वाटते की, एकाच मान उंचावलेल्या माणसाचे चाळीस फोटो आपण पाहत आहोत. एकदा सातवीच्या वर्गात मी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगत होतो. १९४८ साली लंडनला ते सहावे आले, असे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, सहावा आल्यावर मान उंचावते की नाही?” प्रश्न खट्याळपणाने विचारलेला नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. या लेखाचे मूळ म्हणाल तर त्या प्रश्नात आहे.

खाशाबांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे, तरी ती पुन्हा एकदा नीट पाहण्यासारखी आहे. कारण सरकारी पुराण कसे जन्माला येते, आणि त्याच्या आधी काय असते, हे तीत स्वच्छ दिसते. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेला हा मल्ल. लंडनला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मातीतला पैलवान प्रथमच गादीवर खेळत होता, तरी सहावा आला. पुढे १९५२ साली हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा पैशांची अडचण पडली. मुंबई सरकारकडे हात पसरला, तर खेळ झाल्यावर या असे उत्तर मिळाले, असे सांगतात. शब्द नेमके काय होते देव जाणे. मदत वेळेवर आली नाही एवढे खरे. शेवटी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावाने वर्गणी काढली. ज्याच्याकडे जे होते ते त्याने दिले.

हेलसिंकीला २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना ब्राँझपदक मिळाले. जपानचा इशी पहिला, रशियाचा मामेदबेकोव्ह दुसरा, आमचे खाशाबा तिसरे. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक पदक; दुसरे यायला १९९६ साल उजाडले. खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि जी वाट एरवी पाव तासाची, तिला सात तास लागले. त्यानंतर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड लावले, त्यातून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचे घर सोडवले.

माझ्या मते साऱ्या भारतीय क्रीडाकथांतला सर्वोत्कृष्ट प्रसंग हा आहे. पदकापेक्षाही. कारण येथे राष्ट्र म्हणजे काय, ते डोळ्यांना दिसते. एका प्राचार्याचे घर, एका सावकाराचा कागद, चार पायलीचे दाणे, आणि त्या सर्वांचे ऋण फेडायला पुन्हा लंगोट कसणारा माणूस. बैलगाड्यांच्या त्या मिरवणुकीत कोणी कोणाला सांगितले नव्हते की, या. त्यात एकही मोटार पुढे घुसली नाही. हीही एक दंतकथाच झाली आहे, हे मी मान्य करतो; बैलगाड्यांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण ही दंतकथा ज्यांनी रचली त्यांनी पदकाची किंमत आपल्या खिशातून भरली होती. कथेवर त्यांचा हक्क होता.

सरकारची कथा मात्र उशिरा सुरू झाली. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, नोकरी करून निवृत्त झाले आणि १९८४ साली अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल खेळ भरले तेव्हा कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ साली घेतला. उशिरा का होईना झाले ते चांगले झाले. आमच्या शाळेतही आता त्या दिवशी कवायत होते. पण भाषणे ऐकावीत! गोष्ट ‘हेलसिंकीला तिरंगा फडकला’ येथून सुरू होते. गहाणखत कोणी वाचून दाखवत नाही. लंडनचा सहावा क्रमांक कोणी सांगत नाही. आणि त्याच हेलसिंकीला खाशाबांबरोबर गेलेले केशव माणगावे आपल्या वजनगटात चौथे आले होते, हे तर क्रीडा दिनाच्या सूत्रसंचालकालाही ठाऊक नसते. तिसरा आणि चौथा यांत अंतर किती? एका कुस्तीचे. पुराणात ते अंतर स्वर्ग आणि विस्मृती यांच्याएवढे होते.

हरणाऱ्याला विसरणे हा त्यातला सौम्य प्रकार. १९८२ सालच्या दिल्ली एशियाडने दुसरा प्रकार दाखवला. त्या एशियाडची ऐट माझ्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे: नवी स्टेडियमे, नवे पूल, अप्पू हत्ती, आणि ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या घरी अवतरलेले रंगीत दूरदर्शन. नव्या, समर्थ भारताचे ते चित्र होते, आणि त्यात तथ्यही होते. उद्घाटन झाले १९ नोव्हेंबरला, म्हणजे पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या वाढदिवशी. इंदिराबाईंची आणि हिटलरची तुलना मी करीत नाही, तशी करणारा मूर्ख ठरेल. मी फक्त तारखांचा मोह नोंदवतो. तर अशा त्या मंगल सोहळ्यात १ डिसेंबरला हॉकीचा अंतिम सामना झाला आणि पाकिस्तानने आपल्याला ७–१ असे हरवले. गोलरक्षक होते मीररंजन नेगी. त्या माणसाने पैसे खाऊन गोल सोडले, तो देशद्रोही आहे, असे बोलले गेले. त्याचे जगणे कठीण झाले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९९८ साली भारतीय पुरुष संघाने आणि २००२ साली महिला संघाने मोठी सुवर्णपदके जिंकली तेव्हा शिकवणाऱ्यांत हेच नेगी होते. सात गोल का झाले, याचे उत्तर खेळात शोधता आले असते. पण ज्या कथेत राष्ट्र हरूच शकत नाही, तीत हरल्यावर खलनायक शोधावाच लागतो. ती त्या रचनेची गरज आहे. नेगींचा अपराध एवढाच की ते त्या वेळी गोलापुढे उभे होते.

पक्ष बदलले, कथेचा घाट बदलला नाही. २०२३ च्या मार्चमध्ये अहमदाबादला कसोटी सामन्याआधी भारताचे आणि ऑस्ट्रेलियाचे असे दोन्ही पंतप्रधान रथासारख्या सजवलेल्या गाडीतून मैदानाला फेरी मारून आले. आणि स्टेडियमाला नाव होते त्यांतल्या एकाचेच. सामना खेळणारे बावीसजण बाजूला उभे. नाटकाच्या भाषेत बोलायचे तर सूत्रधार नांदी म्हणून आत जायचा विसरला. त्याच मैदानावर त्या वर्षी १९ नोव्हेंबरला विश्वचषकाचा अंतिम सामना आपण हरलो. आणि मग पराभवाचे खापर कोणाच्या उपस्थितीवर फोडायचे यावरून राजकारणी मंडळींत जी जुंपली, ती पाहता विरोधकांनाही त्याच पुराणाची दुसरी आवृत्ती काढायची होती, असे म्हणावे लागते.

आमच्या राज्याचेही एक उदाहरण देतो. २०२४ च्या ४ जुलैला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेला संघ मुंबईत मरीन ड्राइव्हवरून मिरवला. माणसांचा समुद्र खऱ्या समुद्राला भिडला. दुसऱ्या दिवशी विधान भवनात संघातल्या मुंबईकर खेळाडूंचा सत्कार झाला. सूर्यकुमारने आपल्या त्या झेलाचे वर्णन मराठीत केले, आमदार खूश झाले, आणि संघाला अकरा कोटींचे बक्षीस जाहीर झाले. विधानसभेची निवडणूक चार महिन्यांवर होती, हे सांगितलेच पाहिजे असे नाही. महिना संपतो न संपतो तोच, १ ऑगस्टला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे पॅरिसला नेमबाजीत ब्राँझपदक मिळवून बसला. रेल्वेत तिकीट तपासणारा मुलगा. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्याला जाहीर झाला एक कोटी. मी पैशांची तुलना करून कोणाच्या आनंदात माती कालवीत नाही. क्रिकेटवर माझेही प्रेम आहे. पण कोणत्या कथेला श्रोते जास्त, याचा अंदाज कथेकऱ्याने किती अचूक बांधला होता, तेवढे दिसावे.

आणि त्याच पॅरिसमध्ये आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याचा, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावला. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचलेला हा पहिला भारतीय पुरुष. दुष्काळी मुलखातला, सैन्यात गेलेला, आदल्या वर्षी हांगझोऊच्या एशियाडला याच शर्यतीत सुवर्णपदक आणलेला. पॅरिसला तो अकरावा आला. हांगझोऊनंतर आमच्या भागात त्याच्या नावाचे फलक लागले होते. पॅरिसनंतर एकही पाहिला नाही. पृथ्वीवरचे दहाच माणसे त्या दिवशी त्याच्यापेक्षा वेगाने धावले. पण अकराव्याचा फलक कोण लावील, आणि त्यावर हात जोडलेला फोटो कोणाचा छापायचा? सातवीतल्या त्या मुलीला मी तेव्हा जे उत्तर दिले ते गुळमुळीत होते असे कोणी म्हणू नये, म्हणून सांगतो: मी तिला खाशाबांची लंडनची कुस्ती आणि अविनाशची पॅरिसची शर्यत, या दोन्हींवर निबंध लिहायला सांगितला, आणि ‘मान’ हा शब्द वापरायचा नाही अशी अट घातली. तिने दीड पान लिहिले. त्यात पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारताना बूट किती जड होत असतील, याचाच विचार जास्त होता. साहित्य म्हणून मला तो निबंध बऱ्याच क्रीडामंत्र्यांच्या भाषणांहून सरस वाटला.

आता पुढचा अध्याय लिहिला जाऊ लागला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन भरले तेव्हा पंतप्रधानांनी २०३६ चे ऑलिंपिक भारतात भरवण्याची इच्छा जाहीर केली, आणि १ ऑक्टोबर २०२४ रोजी तसे रीतसर पत्रही गेले. खेळ येवोत, मला मनापासून आनंद होईल. अंबड, भोकरदन, परतूर अशा एखाद्या तालुक्याची मुलगी त्यात धावली तर मी हा लेख बाजूला ठेवून ढोल वाजवीन. फक्त त्या साली बर्लिनला बरोबर शंभर वर्षे पूर्ण होतात, एवढे माझ्या मनातून जात नाही. खेळ आलेच, तर स्टेडियम कसे आहे आणि मशाल कोणाच्या हाती दिली हे मी सावकाश पाहीन. आधी भिंतीवरचे कालनिर्णय उघडून उद्घाटनाची तारीख पाहीन, आणि त्या दिवशी कोणाचा वाढदिवस येतो ते पाहीन.